अळणी नवरात्र

आई, परवा दादरच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "नवरात्र येतंय. उपवास वगैरे करता का?" आणि मी मोठ्यानं हसलो. इतक्या मोठ्यानं, की बाहेर नंबर लावणाऱ्या बाईंनी दार ढकलून आत डोकावलं. डॉक्टरीणबाई माझ्याहून बऱ्याच लहान आहेत. त्यांनी पेन उचललं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. माझ्यासारख्या पेशंटचं अवेळी हसणं त्यांना टिपून ठेवावं लागत असणार. मी घाईघाईनं म्हणालो, "तसं काही नाही मॅडम, तुम्ही अगदी योग्य तेच विचारलंत. फक्त तीस वर्षांपूर्वी कुणीतरी विचारायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "कुणाला?" मी म्हणालो, "आईला." तेवढ्यात पुढच्या पेशंटची वेळ झाली. घरी येऊन रोजनिशी उघडली. तारीख घालायच्या जागी हातून 'आई' अशी हाक लिहिली गेली, तेव्हा ठरवलं की आज असंच लिहायचं.

आधी सांगायचं ते सांगून टाकतो. तू घ्यायचीस तीच गोळी आता मी घेतो. पावसाळ्याच्या तोंडाला सुरू केली. सोमवारी पुन्हा दादरला जायचं आहे, आणि ती चालू ठेवायची की डॉक्टरीणबाईंना सांगून हळूहळू बंद करायची, हे त्याआधी मला ठरवायचं आहे. त्यांचं मत स्वच्छ आहे, चालू ठेवा. माझं मत रोज बदलतं. ही गोळी आतून कशी लागते हे ज्याला ठाऊक होतं असं माझ्या ओळखीत एकच माणूस होतं, आणि तुला जाऊन आता वीसेक वर्षं झाली.

कसं सुरू झालं ते तुला सांगायला लाज वाटत नाही, कारण तुला कळेल. या वर्षी होळीच्या आधी मला फार छान वाटू लागलं. साधं छान नव्हे. सगळ्या गोष्टी एकमेकींना जोडलेल्या दिसू लागल्या. ऑफिसातली माणसं, रस्त्यावरची झाडं, जुन्या फायली, सगळ्यांचं मला प्रेम आलं. झोप लागेना आणि तिची गरजही वाटेना. मी बोलायला लागलो की समोरचा घड्याळाकडे बघायचा. मग मी ठरवलं की अख्ख्या ऑफिसला आपल्या गावी न्यायचं, खाडीच्या काठाला पंगत मांडायची. सगळ्यांना सांगितलं. लोक हसले. हसणं म्हणजे होकार, असं तेव्हा माझं गणित होतं. रविवारी सकाळी बस आली, आपल्या इमारतीच्या गेटासमोर, मोठी, पुढच्या काचेला झेंडूची माळ घातलेली. मी पांढरा शर्ट घालून खाली उभा. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, पब्लिक कुठाय?" मी म्हणालो, "येतंय." ऊन वाढलं. वॉचमननं दोनदा बस पुढे घ्यायला लावली. ड्रायव्हरनं मला एक वडापाव आणून दिला, स्वतः एक खाल्ला, आणि मग रिकाम्या सीटवर माझ्याशेजारी बसून म्हणाला, "साहेब, घरी कोण असतं?" मी म्हणालो, "कुणी नाही." तो म्हणाला, "मग चला, मी वर सोडतो तुम्हाला." त्यानं माझा दंड धरला. लिफ्टमध्ये आरसा आहे, त्यात आम्ही दोघं दिसत होतो, एक माणूस दुसऱ्याला घरी आणून सोडतोय असे.

त्यानंतरचे आठवडे मी बेसिनशेजारच्या भिंतीकडे तोंड करून काढले. नव्या घरात मोरी नाही. पण तू मोरीच्या कठड्याशी ज्या बाजूला बसायचीस तीच बाजू मी निवडली होती, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसतात, फारसं कधी बोलणं नाही. त्या एक दिवस येऊन दारात उभ्या राहिल्या. "उठा. आंघोळ करा. खाली टॅक्सी थांबवलीये आणि मीटर चालू आहे." कुणी इतकं रुक्ष बोललं म्हणूनच मी उठलो. दादरला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला असा त्रास होता का. मी आधी नाही म्हणालो. दाराशी जाऊन परत फिरलो आणि सांगितलं. त्यांनी विचारलं, "आईंना कुठलं औषध लागू पडलं होतं?" मी नाव सांगितलं, लिथियम. त्या एकदम सरळ बसल्या. "मग तुम्हालाही लागू पडण्याची शक्यता चांगली आहे. पुष्कळदा हे घराण्यात चालतं." तुझी तांब्याची कळशी आणि मोठं पातेलं माझ्याकडे आहे. हे तिसरं.

तुझे ते दिवस मला कसे आठवतात ते सांगतो, चुकलं तर चुकलं. मी दहा-अकरा वर्षांचा आहे. शाळेतून आलोय. आपल्या मजल्यावरच्या गॅलरीत प्रत्येक दारासमोर केळीच्या पानावर बांगडे ठेवलेले आहेत, ओळीनं, चकचकीत. तू कोळणीची अख्खी पाटी उतरवून घेतली आहेस आणि पदर खोचून घरोघर वाटते आहेस, ज्यांच्याकडे सोमवार पाळतात त्यांच्या दारातसुद्धा. तू गात आहेस. तुझा आवाज किती मोठा होता हे मला त्या दिवशी कळलं. समोरच्या मामी बाबांना म्हणाल्या, "भावोजी, वहिनींना जरा आवरा." मला मात्र वाटत होतं, आज सणच आहे. मग काही दिवसांनी तू मोरीपाशी बसलीस ती उठेनाशी झालीस. चाळीत म्हणू लागले, बाधा झाली, गावी नेऊन कौल लावा. बाया आपली पोरं तुझ्या वाऱ्याला उभी करेनात. बाबा गिरगावात छापखान्यात मशीनवर होते. त्यांच्या मालकांनी सांगितलं म्हणून ते तुला परळच्या इस्पितळात घेऊन गेले. गोळी सुरू झाली. बाबांनी सगळ्यांना सांगितलं, शक्तीची गोळी आहे. तू उठलीस, स्टोव्ह पेटवलास, आणि एके दिवशी माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावलंस. मला बरं होणं म्हणजे ते बटण आठवतं.

आणि तू बरी झालीस म्हणूनच ते नवरात्र घडलं. किती वर्षं तू बरी होतीस, मी कॉलेजात जाऊ लागलो होतो, सायन्सला. तू म्हणालीस, गोळीचं श्रेय अर्धं गोळीला आणि अर्धं देवीला, देवीचं अर्धं फेडायचं राहिलंय. नऊ दिवस अळणी उपवास. दिवसाकाठी एकदा वरीचे तांदूळ, दूध, केळं. मिठाचा कण नाही. ऑक्टोबरचं ऊन म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तू दिवसभर घामानं निथळायचीस आणि उपवासाला पुन्हा पुन्हा काय पाणी प्यायचं म्हणून घोट घेऊन राहायचीस. गोळी मात्र एकही चुकवली नाहीस. तुला दोघांचंही ऋण ठेवायचं नव्हतं.

घट बसल्यावर काही दिवसांनी, खाली चौकात मंडळाच्या देवीची आरती चालली आहे. तू पुढे आहेस, हातात ताट. तुझे हात आधीपासून थोडे थरथरायचे, त्या गोळीनं थरथरतात, पण आज निरांजनाची ज्योत जागेवर राहत नाही. ताट कुणीतरी काढून घेतलं. मग तुझे खांदे हलू लागले, मान हलू लागली. झांजा जोरात. आणि मामी ओरडल्या, "अगो बघा गो, आंगात इली!" बाया पुढे सरसावल्या. कुणी तुझे केस मोकळे केले, कुणी कपाळभर कुंकू थापलं, कुणी खण आणून ओटी भरली. खालच्या मजल्यावरच्या एका बाईंचा मुलगा घरी बसून होता, त्यांनी तुझ्या पायांवर डोकं ठेवून विचारलं, "आवशी, माझ्या झिलाक नोकरी कधी लागतली?" तुझी जीभ जड झाली होती. तू म्हणालीस, "पाणी... पाणी व्हया." सगळ्याजणी एकमेकींकडे बघू लागल्या. पाणी म्हणजे काय? एकीला सुचलं, "पाणी म्हणजे दर्या! बोटीवर लागतली गो, बोटीवर!" आनंदीआनंद झाला. तुझ्या जिभेवर कुणीतरी एक चमचा तीर्थ घातलं. तू आणखी मागत होतीस. मी जिन्याच्या पायरीवर उभा राहून बघत होतो. मला भीती वाटत होती, आणि खरं लिहायचं तर बरंही वाटत होतं. ज्या बायका पोरांना तुझ्यापासून दूर ओढायच्या त्या तुझ्या पाया पडत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू ओकलीस. दुपारी संडासाकडे जाताना गॅलरीत भिंत धरून चाललीस आणि कठड्याशी कोसळलीस. मंडळाच्या पोरांनी तुला खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. परळच्या त्या इस्पितळात तरुण डॉक्टर होते, त्यांनी बाबांना विचारलं, काय खाल्लं होतं. बाबा म्हणाले, "उपवास आहे साहेब. दूध, केळं, वरी." "आणि?" "आणि काही नाही. अळणी आहे." "अळणी?" डॉक्टर स्टुलावर बसले. "घट बसल्यापासून मीठ नाही?" मग ते बोलले ते मला अजून पाठ आहे. ही गोळी म्हणजे एक क्षारच, आपल्या मिठाच्या जातीचा. शरीर तो रोज थोडा थोडा बाहेर टाकतं. पण मीठ मिळेनासं झालं, घाम जाऊ लागला, पाणी कमी पडलं, की मूत्रपिंड घाबरतं आणि हाताला लागेल तो क्षार धरून बसतं. रक्तात औषध साठत जातं आणि त्याचंच विष होतं. "मीठ सोडायचं नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?" बाबा चाचरत म्हणाले, "पथ्य काय ते विचारलं होतं साहेब. तेलकट चालेल का, आंबट चालेल का. पण मीठ सोडू नका, असं पथ्य असतं होय? पथ्य म्हणजे मीठ सोडायचंच." आज मी त्याचा विचार करतो. सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं की या घरात कृतज्ञता मीठ सोडून व्यक्त करतात, आणि ऐकणाऱ्याला ठाऊक नव्हतं की मीठ सुटलं की औषध उलटतं. दोघंही शहाणे, दोघंही काळजी करणारे.

तू डोळे उघडलेस तेव्हा हाताला सलाइन होतं. बाटलीकडे बघत राहिलीस. सिस्टर आली तेव्हा विचारलंस, "ह्यात काय आसा?" ती म्हणाली, "मीठ-पाणी." तुझा चेहरा पडला. "म्हंजे माझो उपास मोडलो?" सिस्टर घाईत होती, तिचे आणखी किती पेशंट होते, पण ती थांबली. म्हणाली, "मावशी, तोंडातून गेलं का? हातातून गेलं. हाताला कुठे उपास असतो?" तू जरा विचार केलास आणि मान डोलावलीस. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मला त्या सिस्टरचा चेहरा आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

घरी आल्यावर तू मला बोललीस, तेवढं आयुष्यात कधी बोलली नसशील. डॉक्टरांचं बोलणं मी घोकलं होतं. मामी तुला बघायला आल्या, हातात नारळ, आणि मी त्यांना गॅलरीतच गाठून सांगू लागलो, मामी, ती देवी नव्हती, ती विषबाधा होती, मूत्रपिंडाचं असं असतं आणि मेंदूचं तसं असतं. मामी गोंधळून नारळ इकडून तिकडे करत होत्या. तू आतून हाक मारलीस. तुझा आवाज अजून नीट आला नव्हता. "हसा नको त्येंका," म्हणालीस. मी म्हणालो, मी हसलो नाही. "तोंडान हसाक नाय, तरी हसलंसच." मग म्हणालीस, "माझ्या आंगात देवी येवक नाय, ता माका ठावक आसा. माका तहान लागलेली. पण त्येंनी ओटी भरली ती काय खोटी नाय." आणि मामींना आत बोलावून त्यांच्या नारळाचं पाणी त्यांच्यासमोरच प्यायलीस. पुढच्या वर्षीपासून तू देवीशी नवा करार केलास. मीठ सोडू शकत नाही, साखर सोडते. नऊ दिवस बिनसाखरेचा चहा. चाळीत कुणी विचारलं तर सांगायचीस, "आमच्या देवीक डायबेटिस झालो."

आता मी यावर जमेल तेवढं वाचलं आहे. वाचल्याशिवाय मला गोळी गिळवत नाही, हा माझा स्वभाव, तू तर औषध हातात पडलं की डोळे मिटून घ्यायचीस. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीकशी फट असते. एक पेशी त्या फटीत एखादं रसायन सोडते, पलीकडची ते झेलते, उरलेलं पहिली परत ओढून घेते. उदासपणाच्या पुष्कळ गोळ्या ते परत ओढणं लांबवतात, म्हणजे निरोप फटीत जास्त वेळ राहतो. तुझी-माझी गोळी मुख्यतः आणखी आत काम करते, निरोप पोचल्यानंतर. हे मला आपल्या चाळीमुळे कळलं. खाली वाण्याच्या दुकानात चाळीत एकुलता फोन होता. गावाहून फोन यायचा, म्हातारीला ताप आहे. वाण्याचा पोऱ्या पहिल्या मजल्यावर ओरडायचा, म्हातारी आजारी! पहिल्यावरचे दुसऱ्यावर ओरडायचे, म्हातारी फार आजारी! तिसऱ्या मजल्यावर आपल्याकडे पोचेपर्यंत म्हातारी गेलेली असायची आणि मामींनी रडायला सुरुवात केलेली असायची. बाकीच्या गोळ्या फोनपाशी काम करतात. आपली गोळी जिन्यात बसते. प्रत्येक मजल्यावर ती म्हणते, हळू. ही उपमा तंतोतंत बरोबर नाही, मला ठाऊक आहे, पेशीच्या आत नेमकं कुठे आणि कसं, याबद्दल जाणकारांचंही अजून एकमत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मोकळेपणानं सांगितलं. पण लिहून ठेवतो, कारण तुला कुणीच काही समजावलं नव्हतं, आणि ही तुला आवडली असती.

अडचण अशी आहे की जिना आता फार शांत झाला आहे. चाळ पाडून टॉवर झाला, मी सतराव्या मजल्यावर राहतो, शेजारच्या दारावरची पाटी वाचून मला शेजाऱ्यांचं आडनाव कळलं. गणपतीत खाली लालबागची अख्खी गर्दी उसळलेली असते आणि वर काच बंद केली की फक्त पंख्याचा आवाज. पूर्वी मला वाटायचं, हे इमारतीचं आहे. आता वाटतं, माझ्या आतही तसंच झालं आहे की काय? परवा मागची पानं चाळली. फेब्रुवारीची पानं भरून वाहतायत, अक्षर मोठं, समासात चढलेलं. आजकालची पानं अशी, 'भाजी आणली. ऑफिस. ठीक.' फेब्रुवारीत लिहिणारा माणूस आजारी होता, हे मला मान्य आहे. त्याची बस रिकामी होती. पण तो खोटा होता असं वाटत नाही, हीच पंचाईत. त्याला सगळ्यांचं प्रेम आलं होतं. मला कुणाचंच फारसं काही वाटत नाही, आणि त्याचं वाईटसुद्धा मोजून-मापून वाटतं. हे गोळीचं, की आजाराच्या मागून येणाऱ्या थकव्याचं, की सत्तेचाळिसाव्या वर्षी एकट्या राहणाऱ्या कुठल्याही माणसाचं? डॉक्टरीणबाई म्हणतात, थांबा, कळेल, गरज पडली तर मात्रा बदलू. शहाण्यासारखंच म्हणतात.

म्हणून तुला विचारायचं होतं. बांगड्यांची... म्हणजे हातातल्या नव्हे, माशांची पाटी वाटणारी ती बाई, तिची तुला आठवण यायची का? गोळी घेताना कधी वाटलं का, की आपण तिला रोज थोडं थोडं गिळतोय? मी आठवून आठवून बघतो आणि माझ्या हाती एकच गोष्ट लागते. मी नुकता नोकरीला लागलो होतो, बाबा गेलेले, सुट्टीचा दिवस. तीच कोळीण, आता तिचेही केस पिकलेले, गॅलरीत येऊन टेकली आणि तुला चिडवत म्हणाली, "काय गो बाय, आखी पाटी नको का आज?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तूही हसलीस. "नको गो, आता दोघांपुरते दे." दोन बांगडे घेतलेस, भाव केलास, ते आत ठेवलेस. मग पुन्हा बाहेर आलीस आणि कठड्याला टेकून, कोळीण पाटी डोक्यावर घेऊन चौकातून बाहेर जाईपर्यंत बघत राहिलीस. हात धुतलेले नव्हते, म्हणून ते साडीपासून लांब धरले होते. मी पेपर वाचत होतो. विचारलं नाही. विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. त्या बघण्यात काय होतं? कधी मला वाटतं, तू त्या पाटी वाटणाऱ्या बाईला शोधत होतीस. कधी वाटतं, तू फक्त पाटीत पापलेट उरलंय का ते बघत होतीस. त्या दुपारचं बांगड्याचं तिखट कालवण, आपलं तिकलं, मात्र फार चांगलं झालं होतं, आणि तू मला माझा बांगडा खाऊन झाल्यावर तुझ्यातला अर्धा दिलास.

तर सोमवारचं. गोळी मी चालू ठेवणार आहे. हे लिहिता लिहिता ठरलं असं म्हणायला आवडलं असतं, पण ते आधीच ठरलं होतं आणि त्याचं कारण डॉक्टरीणबाईंना सांगण्यासारखं नाही. त्या दर खेपेला विचारतात, "हात थरथरतात का?" मी म्हणतो, "नाही." आणि हात मांडीवर दाबून ठेवतो. रक्ताची तपासणी ठीक आली आहे, मीठ खातो, पाणी पितो, धोका नाही. पण थरथर आहे. ऑगस्टपासून आहे, बारीक, सकाळी जास्त. सांगितलं तर त्या मात्रा कमी करतील, नाहीतर थरथर थांबवायला आणखी एक गोळी देतील. सांगायला हवं. सोमवारी सांगेन असं इथे लिहितो, पण सांगेनच असं नाही.

तू पाहुण्यांना चहा अर्धा कप द्यायचीस. भरलेला कप तुझ्या हातून सांडायचा. मामी म्हणायच्या, हिचा हात आखडता, आणि तू पुन्हा अर्धा आणून द्यायचीस. तू चहा घेऊन येतेस हे मला अभ्यास करताना मान वर न करता कळायचं, कारण कप धरला की तुझ्या हातातल्या काचेच्या बांगड्या बारीक वाजत राहायच्या, सारख्या, दारापासून टेबलापर्यंत. माझ्या हाताला आवाज नाही. पुरुषाच्या थरथरीला आवाज नसतो, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. मी इतकी वर्षं मगमधून चहा पीत आलो. गेल्या आठवड्यात माळ्यावरचा खोका काढून तुझ्या कप-बशा धुतल्या. आता सकाळी अर्धा कप ओततो, बशीसकट उचलतो, आणि ओट्यापासून टेबलापर्यंत ती किणकिणत येते. टेबलापर्यंत आलं की मी लगेच खाली ठेवत नाही.